थरथरणारे इंजिन आणि पिवळा दिवा

भोसरीवरून नाशिक रस्त्याने चाकणकडे निघाले की दोन्ही बाजूंना मोटारींचा संसार दिसू लागतो. पिंपरीत टाटांचा कारखाना, चाकणला बजाज, महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ. आणि या सर्वांना लागणारे सुटे भाग बनवणारी शेकडो लहानमोठी वर्कशॉपे. भोसरीलाच केंद्रीय रस्ते परिवहन संस्था आहे. मोटारींच्या चाचण्या घेणाऱ्या ‘ए.आर.ए.आय.’ या संस्थेचेही एक केंद्र चाकणला आहे.

या कारखान्यांतून बाहेर पडणारी कोरी गाडी आपले काम इतके बिनबोभाट करते की तिच्याकडून शिकण्यासारखे फारसे काही उरत नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्याची खरी शाळा भरते ती जुन्या, कुरकुरणाऱ्या गाडीपाशी. आज आपण अशाच एका गाडीची प्रकृती तपासू.

गाडी स्पोर्ट्स कार जातीची आहे असे समजू. आपल्या भागाला हा प्रकार अगदीच परका नाही. दिलीप छाब्रिया यांच्या डी.सी. डिझाइनने २०१२ साली दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात मांडलेली ‘अवंती’ ही मोटार पुण्याजवळच जुळवली जात असे. रेनॉ कंपनीचे दोन लिटरचे, चार सिलिंडरचे टर्बो इंजिन तिच्यात आसनांच्या मागे बसवलेले होते. अशा घडणीची दहाएक वर्षे जुनी कोणतीही गाडी डोळ्यांसमोर आणा. रस्त्यावर ती झकास पळते. पण सिग्नलला उभी राहिली की इंजिन थरथरते, काटा ६०० ते ९०० फेऱ्यांच्या दरम्यान डोलतो आणि समोरच्या फलकावर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजच्या भाषेत ‘गाडी मिसिंग मारते’. आता काय करावे?

उभ्या गाडीतच दोष का दिसतो?

गाडी उभी असताना इंजिन चालू राहते, त्याला आयडलिंग म्हणतात. या वेळी मिळणारी जवळजवळ सारी शक्ती इंजिनाच्या स्वतःच्या घर्षणातच खर्च होते.

थोडे गणित करू. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो. मिनिटाला ८०० फेऱ्या असतील तर एका सिलिंडरचे ४०० स्फोट आणि चारही मिळून १६००. म्हणजे सेकंदाला सुमारे २७ धक्के. इंजिन रबरी आधारांवर बसवलेले असते. सेकंदाला २७ इतक्या वारंवारतेची कंपने हे आधार बरीचशी गिळून टाकतात, म्हणून निरोगी गाडीत ती फारशी जाणवत नाहीत.

आता एक सिलिंडर काम करीनासा झाला तर? दर सेकंदाला ६ ते ७ वेळा एकेक धक्का गैरहजर राहील. कंपनांत ही नवी, मंद वारंवारता शिरते. रबरी आधारांवरच्या इंजिनाची नैसर्गिक वारंवारता बहुधा याच्याच जवळपास असते. झोका योग्य वेळी ढकलला की वाढत जातो, तसेच येथे होते आणि सारी गाडी हलू लागते.

मग वेग वाढवताच ही थरथर विरते कशी? क्रँकशाफ्टला जोडलेल्या जड चाकात, म्हणजे फ्लायव्हीलमध्ये, गतिज ऊर्जा साठलेली असते आणि ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ८०० ऐवजी ३२०० फेऱ्या झाल्या की साठा सोळा पट होतो. एखादा स्फोट हुकला तरी एवढ्या मोठ्या साठ्यातून तूट सहज भरून निघते. आयडलिंगला मात्र गंगाजळी लहान, त्यामुळे एका दिवसाचा रोजगार बुडाला तरी घरात ओढाताण!

दिवा काय सांगतो, काय सांगत नाही

पेट्रोल इंजिन नीट चालायला तीन गोष्टी लागतात: योग्य प्रमाणात हवा व पेट्रोल, योग्य वेळी ठिणगी आणि सिलिंडरमध्ये पुरेसा दाब. या कारभारावर एक छोटा संगणक देखरेख करतो. भारतात भारत स्टेज ४ गाड्यांवर अशा स्वयंनिदानाची पहिली पायरी एप्रिल २०१० पासून आणि अधिक कडक दुसरी पायरी एप्रिल २०१३ पासून सक्तीची झाली.

स्फोट हुकल्याचे या संगणकाला कसे कळते ते मोठे मौजेचे आहे. क्रँकशाफ्टवर एक दातेरी चाक असते. अनेक गाड्यांत त्याच्या परिघाचे ६० समान भाग करून दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात. ती मोकळी जागा म्हणजे मोजणीची सुरुवात. ८०० फेऱ्यांना एका दात्याचा काळ भरतो १.२५ मिलिसेकंद. प्रत्येक स्फोटानंतर शाफ्टला किंचित वेग येतो. स्फोट हुकला तर पुढचे दाते जरा उशिरा येतात. एवढ्याशा उशिरावरून संगणक गैरहजर सिलिंडर ओळखतो आणि एक सांकेतिक क्रमांक नोंदवून ठेवतो. ‘पी ०३०२’ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये स्फोट हुकतो आहे. ‘पी ०३००’ म्हणजे कधी या, कधी त्या. ‘पी ०१७१’ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे.

येथेच पुष्कळांची फसगत होते. स्कॅनरवर क्रमांक दिसला की ‘अमुक भाग गेला’ असे समजून नवा भाग बसवला जातो. पण अंग तापले आहे एवढेच तापमापक सांगतो. ताप हिवतापाचा की विषमज्वराचा, ते तो सांगत नाही. दिव्याचेही तसेच आहे. एखादी मोजलेली राशी मर्यादेबाहेर गेली इतकाच त्याचा अर्थ. कारण शोधायचे काम माणसाचे.

दिव्याचे रंगही ओळखावेत. तेलाचा दाब किंवा इंजिनाचे तापमान दाखवणारा लाल दिवा लागला तर गाडी सुरक्षित जागी घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे. स्थिर पिवळा दिवा म्हणजे लवकर तपासणी करा. हाच पिवळा दिवा लुकलुकू लागला तर मात्र वेग कमी करून थांबावे. न जळलेले पेट्रोल आणि प्राणवायू अशा वेळी निकास नळीतल्या उत्प्रेरक पेटीत, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, जाऊन तेथे जळतात. त्या उष्णतेने पेटीतली मधाच्या पोळ्यासारखी जाळी वितळू शकते. एका प्लगचा खर्च वाचवायला गेलेला माणूस मग त्याच्या कित्येक पट महागाचा भाग गमावून बसतो.

पहिला संशयित: गळकी नळी

आयडलिंगला थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते. दट्ट्ये मात्र हवा ओढतच असतात. त्यामुळे झडपेपलीकडच्या पोकळीत, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये, दाब बराच उतरतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असलेल्या पुण्यात हवेचा दाब साधारण ९५ किलोपास्कल असतो. मॅनिफोल्डमध्ये तो ३० ते ३५ पर्यंत येतो.

या पोकळीला अनेक रबरी नळ्या जोडलेल्या असतात. ज्या गाडीत इंजिन आसनांमागे कोंडलेले असते तिथे उष्णतेने रबर लवकर कडक होते आणि त्याला चीर पडते. समजा ३ मिलिमीटर व्यासाचे भोक पडले. आतला दाब बाहेरच्याच्या निम्म्याहूनही कमी असल्याने भोकातून हवा ध्वनीच्या वेगाने आत घुसते. जुन्या गाडीतून येणारा ‘स्स’ आवाज तो हाच. ढोबळ हिशेबाने दर सेकंदाला सुमारे एक ग्रॅम हवा अशी चोरवाटेने येते.

एक ग्रॅम म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण दोन लिटरच्या इंजिनाला आयडलिंगला सेकंदाला तीन-चार ग्रॅमच हवा लागते! एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा हे योग्य प्रमाण. ते येथे साफ बिघडते. हवा मोजणारा संवेदक थ्रॉटलच्या आधी बसवलेला असेल तर ही चोरटी हवा त्याच्या नजरेला पडतच नाही. निकास नळीतला प्राणवायूचा संवेदक मात्र चहाडी करतो. अनेक गाड्यांत तो पेट्रोल कमी असेल तर सुमारे ०.१ व्होल्ट आणि जास्त असेल तर सुमारे ०.९ व्होल्ट देतो. ते पाहून संगणक पेट्रोल वाढवत जातो; वाढवण्याची मर्यादा संपली की दिवा लावतो. काही गाड्यांत हवेच्या वजनाऐवजी मॅनिफोल्डमधला दाब मोजतात; तिथे हीच गळती आयडलिंगचा वेग चढवून दाखवते.

भरवेगात इंजिनाला सेकंदाला पन्नासेक ग्रॅम हवा लागते. तिथे एका ग्रॅमची चोरी कोण विचारतो? टर्बो इंजिनात तर गंमत आणखी वाढते. जोर देताच मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त होतो आणि त्याच भोकातून हवा उलट बाहेर पळते. एकाच चिरेमुळे उभ्या गाडीत पेट्रोल कमी पडते आणि पळत्या गाडीत जास्त होते!

दुसरा संशयित: ठिणगी

प्लगच्या दोन टोकांत साधारण एक मिलिमीटरची फट असते. दबलेल्या वायूतून ठिणगी पाडायला कित्येक हजार व्होल्ट लागतात आणि फट झिजून रुंदावली की आणखी जास्त. कॉइलच्या वेष्टनाला तडा गेला असेल तर विजेला आत उडी मारण्यापेक्षा बाहेरून निसटणे सोपे वाटते. पावसाळ्यात ओल धरली की हा दोष बळावतो.

याची परीक्षा प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी इतकी सुंदर आहे. स्कॅनर दुसऱ्या सिलिंडरकडे बोट दाखवतो आहे. इंजिन बंद व थंड असताना दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करायची. बाकी कशालाही हात लावायचा नाही. पुन्हा इंजिन चालवल्यावर क्रमांक ‘पी ०३०३’ झाला तर दोष कॉइलबरोबर चालत गेला, कॉइलच गुन्हेगार! ‘पी ०३०२’ कायम राहिला तर कॉइल निर्दोष. मग हाच प्रयोग प्लगवर, नंतर पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरवर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतला नियम येथे एक पैसाही खर्च न करता उत्तर देतो. चारही कॉइल एकदम नव्या घातल्या तर गाडी कदाचित बरी होईल, पण आजार कोणता होता ते कधीच कळणार नाही.

छुपा संशयित: अर्थिंग

जुन्या गाडीत एक दोष भलतीच सोंगे घेतो. साध्या मोटारीत बॅटरीकडे परतणारा प्रवाह पोलादी सांगाड्यातून आणि पत्र्यातून जातो. पण गोव्यात बनलेल्या ‘सॅन स्टॉर्म’ या दोन आसनी मोटारीसारखे अंग फायबरग्लासचे असेल तर ते विद्युतरोधक. तिथे दिव्यांना आणि उपकरणांना परतीच्या तारा वेगळ्या द्याव्या लागतात. जितके जोड जास्त, तितक्या गंजायच्या जागा जास्त.

समजा एका गंजक्या जोडाचा रोध ०.०५ ओहम आहे आणि त्यातून १० अँपिअर प्रवाह जातो. ओहमच्या नियमाने तेथे अर्धा व्होल्ट खर्ची पडतो. ज्या संवेदकाचे सारे बोलणे एका व्होल्टच्या आत आटोपते, त्याची परतीची तार याच जोडातून जात असेल तर अर्ध्या व्होल्टची भेसळ म्हणजे हाहाकार. संवेदक चांगला, संगणक चांगला, तरी निदान खोटे! म्हणून इंजिन चालू असताना, दिवे लावून, बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनाचा धातू यांतील विभवांतर साध्या मल्टिमीटरने पाहावे. ते एक-दोन दशांश व्होल्टपेक्षा जास्त असेल तर आधी जोड घासून घट्ट करावेत.

एवढे सगळे ठीक निघाले तर शेवटी सिलिंडरमधला दाब मोजावा. चारपैकी एकाचा दाब बाकीच्यांहून बराच कमी असेल तर झडप किंवा दट्ट्याच्या कड्या झिजल्या आहेत आणि इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नाही. ही खर्चिक तपासणी शेवटी ठेवण्यात शहाणपण आहे. फुकटची आधी, स्वस्तातली नंतर, महागाची अखेरीस.

दिवा विझवणे म्हणजे दुरुस्ती नव्हे

स्कॅनरने क्रमांक पुसता येतात, बॅटरी काढूनही अनेकदा दिवा विझतो. पण त्याबरोबर दोष घडला त्या क्षणाच्या वेगाच्या, तापमानाच्या नोंदीही पुसल्या जातात. पुरावा नष्ट केल्यावर तपास कशाचा करणार? म्हणून आधी सर्व लिहून घ्यावे. जुनी गाडी विकत घेताना तर किल्ली फिरवल्याबरोबर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, हा पिवळा दिवा लागतो का ते जरूर पाहावे. तो तेव्हा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. मुळीच लागत नसेल तर कोणीतरी त्याची वाचा बंद केली असण्याचा संभव आहे.

आणि हा प्रश्न केवळ गाडीच्या मालकाचा नाही. आपल्याकडच्या पी.यू.सी. तपासणीत पेट्रोल गाडीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन आयडलिंगला मोजतात. निगडीच्या किंवा नाशिक फाट्याच्या चौकात थरथरत उभी राहिलेली गाडी ही दोन्ही विषे शेजारच्या दुचाकीस्वाराच्या नाकात सोडीत असते.

विद्यार्थ्यांनी हे करून पाहावे: तीन सिलिंडरच्या इंजिनात मिनिटाला ९०० फेऱ्यांना सेकंदाला किती धक्के बसतील, आणि एक सिलिंडर बंद पडल्यास किती गैरहजर राहतील? उत्तर काढून ओळखीच्या गॅरेजमध्ये जा आणि चालू इंजिनाला हात न लावता, मिस्त्रीच्या देखरेखीखाली, नुसते ऐका. पेट्रोल, तापलेले धातू आणि हजारो व्होल्ट यांच्याशी एकट्याने खेळू नका. मिस्त्रींना मात्र एक प्रश्न अवश्य विचारा: ‘हाच भाग बिघडला हे तुम्ही कशावरून ठरवलेत?’ चांगला मिस्त्री या प्रश्नाने रागावत नाही. तो हातातला पाना बाजूला ठेवून समजावून सांगू लागतो.