गरम पाण्याच्या टबापासून रिटुक्सिमॅबपर्यंत

मे महिन्यात सोलापूरचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर गेला, की मल्टिपल स्क्लेरोसिसचे, म्हणजे एमएसचे रुग्ण हवालदिल होतात. पाय जड पडतात, नजर धूसर होते. पुन्हा अ‍ॅटॅक आला असं समजून घरचे स्टिरॉइडच्या सलाइनसाठी धावाधाव करतात. बऱ्याचदा तो अ‍ॅटॅक नसतोच. मज्जातंतूंवरचं मायेलिनचं आवरण जिथं खराब झालंय, तिथून संदेश आधीच अडखळत जातो. अंगातली उष्णता अर्ध्या अंशानं वाढली, तरी तो अडू शकतो. मानेभोवती ओला टॉवेल गुंडाळून पंख्याखाली बसलं, की शरीर निवतं आणि पायांत पुन्हा बळ येतं. (टॉवेलांची सोलापुरात वानवा नाही.) ताप किंवा लघवीचा संसर्ग नाही ना, हे मात्र तपासून घ्यायलाच हवं. आणि चोवीस तासांनंतरही त्रास हटला नाही, तर डॉक्टरांना गाठायचं.

जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी उष्णतेचा हा परिणाम १८९० मध्येच नोंदवला होता. पुढं कित्येक दशकं तीच निदानाची युक्ती होती: रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवायचं आणि लक्षणं उमटतात का, ते पाहायचं. ही पद्धत मोडीत काढली ती एमआरआयनं. १९८१ मध्ये लंडनला दहा रुग्णांची तुलनात्मक तपासणी झाली. सीटी स्कॅनवर १९ डाग दिसले होते. नव्या यंत्रानं आणखी ११२ दाखवले.

आपल्याकडे हा थंड प्रदेशातला, गोऱ्यांचा आजार मानला जाई. रुग्णालयांतल्या नोंदींवरून भारतीयांमधलं प्रमाण लाखामागे एकाच्या आसपास धरत. न्यूरोलॉजिस्ट डॉ. नोशीर वाडिया यांनी मुंबई-पुण्यातल्या पारशी समाजाची पाहणी केली, तेव्हा तिथं ते लाखामागे वीसहून अधिक निघालं. हा अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. पुढं मंगळुरूच्या पाहणीत सर्वसाधारण लोकसंख्येतही लाखामागे आठाच्या वर आकडा आला. आजार वाढला की तो सापडू लागला? माझ्या मते दुसरं कारण मोठं. पाय लुळे पडलेल्या तरुण माणसाच्या बाबतीत आधी मणक्याचा टीबी आठवतो, मग बी-१२ची कमतरता; आणि रुग्ण तरुणी असेल, तर ‘मनाचं आहे’ म्हणून बोळवण होते. उलटही घडलं. २००४ मध्ये एनएमओ या जुळ्यासारख्या दिसणाऱ्या आजाराची अँटिबॉडी सापडली आणि आजवर एमएस समजलेले काही रुग्ण त्यात मोडतात हे कळलं. हा भेद कळणं गरजेचं होतं, कारण एमएसवरचं इंटरफेरॉन हे औषध एनएमओत अपाय करतं.

इंटरफेरॉन १९९३ मध्ये अमेरिकेत आलं. त्यानं अ‍ॅटॅक सुमारे एक तृतीयांशानं कमी केले. पण इंजेक्शनं वर्षानुवर्षं टोचायची, बहुतेक फ्रिजमध्ये ठेवायची आणि खर्च न परवडणारा. भारनियमनाच्या दिवसांत तो फ्रिजही घोरच होता.

खरी कलाटणी दिली ती रक्ताच्या कर्करोगावरच्या औषधानं. रिटुक्सिमॅब १९९७ पासून बाजारात होतं. ते प्रतिकारशक्तीतल्या बी-पेशी नष्ट करतं. एमएसचा दोष मात्र तोवर प्रामुख्यानं टी-पेशींना दिला जाई. २००८ मध्ये १०४ रुग्णांवरच्या चाचणीत मेंदूतले नवे दाह झपाट्यानं घटलेले दिसले. तरीही कंपन्यांनी एमएससाठी त्याचा परवाना काढला नाही. त्याच जातीचं नवं, महागडं ऑक्रेलिझुमॅब २०१७ मध्ये आणलं. हा व्यापार होता, विज्ञान नव्हे. इकडे हैदराबादच्या डॉ. रेड्डीजनं २००७ मध्येच रिटुक्सिमॅबची स्वस्त प्रतिकृती काढली होती आणि आपले न्यूरोलॉजिस्ट ती स्वतःच्या जबाबदारीवर देऊ लागले. स्वीडनमध्येही तेच चाललं होतं. तिथल्या चाचणीचा निकाल २०२२ मध्ये आला: दोन वर्षांत रिटुक्सिमॅब घेणाऱ्यांपैकी ३ टक्क्यांना अ‍ॅटॅक आला, डायमिथाइल फ्युमरेटच्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी १६ टक्क्यांना. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं रिटुक्सिमॅब एमएससाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. परवडत नाही म्हणून धरलेली वाट पुराव्यानिशी बरोबर ठरली.

साधारण सहा महिन्यांनी एकदा डे-केअरमध्ये हे औषध चढवतात. आधी पॅरासिटामॉल, अ‍ॅलर्जीचं औषध आणि स्टिरॉइड. मग थेंब अगदी सावकाश सुरू. सिस्टर दर अर्ध्या तासानं बीपी पाहते, घसा खवखवतोय का, अंगावर पुरळ उठलंय का, विचारते; सगळं ठीक असेल तर वेग वाढवते. हेपटायटिस-बी आणि टीबीची तपासणी त्याआधीच झालेली असावी लागते. आपल्या भागात टीबीकडे दुर्लक्ष महागात पडेल.

अ‍ॅटॅक न येताही हळूहळू चालणं हिरावून घेणारा एमएस मात्र अजून आटोक्यात आलेला नाही. मेंदूत शिरू शकणाऱ्या टोलेब्रुटिनिबच्या गोळीनं अशा रुग्णांमध्ये अपंगत्व वाढण्याचा धोका ३१ टक्क्यांनी कमी केल्याचं २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. यकृताला होणारी इजा ही तिची मोठी अडचण आहे. अ‍ॅटॅक रोखण्यात मात्र ती जुन्या टेरिफ्लुनोमाइडहून सरस ठरली नाही.

आजार मुळात जडतो कशानं, याचा सर्वांत ठोस धागा २०२२ मध्ये हाती आला. अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक जणांच्या नोंदी तपासल्यावर, एप्स्टीन-बार विषाणूच्या संसर्गानंतर एमएसचा धोका ३२ पटींनी वाढतो असं दिसलं. या विषाणूवरच्या लशी अजून चाचण्यांतच आहेत. पाश्चात्त्य देशांत पुष्कळांना हा विषाणू किशोरवयात गाठतो. आपल्याकडे बहुतेक मुलांना तो शाळेत जाण्याआधीच, कुणाच्या लक्षातही न येता होऊन गेलेला असतो. त्यामुळे लस आलीच, तरी ती कोणत्या वयात द्यायची, हे इथल्या मुलांच्या पाहण्या करूनच ठरवावं लागेल.