मुरुमावरची मारुती

घरगुती वापराची लहान मोटार घ्यावी, तिच्यात पदरमोड करून फेरफार करावेत आणि मोकळ्या मैदानात मांडलेल्या शंकूंच्या नागमोडी वाटेवरून ती घड्याळाशी पैज लावून पळवावी, असा जो हौशी खेळ ऑटोक्रॉस या नावाने ओळखला जातो, त्याचा गेल्या चार दशकांचा मागोवा बुलढाणा जिल्ह्यात बसून घेणाऱ्याला आरंभीच हे मान्य करणे प्राप्त आहे की, मोटार-शर्यतींच्या नकाशावर या जिल्ह्याचे नाव आढळत नाही. ते नाव शोधावयाचे तर नाशिक, पुणे, कोल्हापूर असे पश्चिमेकडे सरकावे लागते. तथापि या खेळाचे मर्म जाणण्यास हा मुलूख मुळीच अपात्र नाही. शंकरपटात बैलजोडी सुटल्यावर तिची वेळ सेकंदाच्या अंशापर्यंत मोजून क्रम लावण्याचा जो शिरस्ता विदर्भात आहे, तो ज्याने एकदा पाहिला, त्याला ऑटोक्रॉसमध्ये गाड्या एकमेकींना ढकलीत का धावत नाहीत, बहुधा एकेकच का सोडतात, आणि प्रेक्षकांची दृष्टी गाडीइतकीच घड्याळावर का खिळलेली असते, हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

हा खेळ मूळचा आपला नव्हे. इंग्लंडात तो शेतकऱ्यांच्या गवताळ रानांत वाढला. अमेरिकेत त्याने डांबरी वाहनतळांचा आश्रय घेतला, आणि तेथील स्पोर्ट्स कार क्लबने १९७३ पासून त्याची राष्ट्रीय स्पर्धा भरविण्यास प्रारंभ केला. या दोन शाखांतील भेद वरवर क्षुल्लक भासला, तरी गाडीत फेरफार करू इच्छिणाऱ्याच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा होय. कारण डांबरावर जे गुण ठरतात ते मातीवर दोष ठरतात, आणि आपल्याकडचा ऑटोक्रॉस मुख्यतः मातीवरचा, म्हणजे रोलर फिरवून दाबलेल्या मुरुमावरचा आहे. परदेशी मासिकांतील छायाचित्रे पाहून गाडी जमिनीलगत बसविणाऱ्या आणि रुंद, गुळगुळीत टायर चढविणाऱ्या कैक हौशी तरुणांचा पैसा या एका भेदाच्या अज्ञानापायी वाया गेला असे माझे मत आहे.

१९८३ पूर्वीचा काळ थोडक्यात सांगता येण्याजोगा आहे. रस्त्यावर मुख्यतः दोनच मोटारी होत्या: कलकत्त्याजवळची अँबॅसॅडर आणि सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी स्थापिलेल्या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यातून निघणारी फियाट. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या लष्करी धावपट्टीवर शर्यती होत आणि तेथे फियाटवरही पुष्कळ कारागिरी खर्ची पडे. १९८० मध्ये मुंबईच्या नाझीर हुसेन यांच्या पुढाकाराने हिमालयन रॅलीही सुरू झाली. परंतु खामगाव, मलकापूर किंवा मेहकरकडच्या कापूस-व्यापाऱ्याच्या दारी उभी असलेली फियाट ही वर्षानुवर्षे नंबर लावून मिळालेली कुटुंबाची दौलत होती. तिची मागची बैठक काढून टाकण्याची तजवीज एखाद्या चिरंजीवाने वडिलांपुढे मांडली असती, तर तो प्रश्न मोटारीचा न राहता वारसाहक्काचा झाला असता.

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली आणि चित्र पालटले. तीन सिलिंडरांचे ७९६ घनसेंटिमीटरचे इंजिन, पुढच्या चाकांना गती, चार गिअर, बारा इंचांची चिमुकली चाके आणि सुमारे साडेसहाशे किलो वजन, एवढाच तिचा ऐवज. शक्ती चाळीस अश्वशक्तीच्याही आतली. शर्यतीसाठी एवढे पुरेसे होईल असे त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही नसावे. परंतु ज्यांना इंग्लंडच्या मिनीची हकीकत ठाऊक होती, त्यांना नवल वाटले नाही. १९५९ साली अलेक इसिगोनिस यांनी मध्यमवर्गीय कुटुंबासाठी रचलेल्या त्या दहा इंची चाकांच्या गाडीने, जॉन कूपर यांचा हात लागल्यावर, १९६४, १९६५ आणि १९६७ या तीन वर्षी माँटे कार्लोची रॅली जिंकली होती. इंजिनाचा भार पुढच्या चाकांवर, आणि ओढण्याचे कामही त्याच चाकांकडे, ही रचना निसरड्या भूमीवर लहान गाडीला मोठीच्या बरोबरीस आणते. मारुतीचाही पाया तोच होता.

पुढे पहिल्या मालकांनी या गाड्या विकून नव्या घेतल्या, तेव्हा या खेळाचा खरा काळ आला. जुनी ८०० ही कोणाच्याही प्रतिष्ठेचे प्रतीक राहिली नाही, आणि म्हणूनच ती कापता, ठोकता व वेल्ड करता येऊ लागली.

प्रारंभी सर्वांचे लक्ष इंजिनावर. लेथवर हेड घासून कॉम्प्रेशन वाढवावयाचे, कार्बोरेटरचे जेट मोठे करावयाचे, सायलेन्सर मोकळा करावयाचा, हा त्या काळचा ठरलेला विधी. परंतु तेव्हा पंपावर मिळणारे साधे पेट्रोल ८७ ऑक्टेनचे. वाढलेल्या दाबाखाली ते वेळेआधीच पेट घेई, इंजिन ठोके देऊ लागे, आणि मिळविलेली शक्ती मेस्त्रीला परत टायमिंग मागे घेऊन सोडून द्यावी लागे. त्याहून घातक प्रकार म्हणजे हवेची जाळी काढून टाकणे. डांबरावर त्याचा कदाचित किंचित लाभ होत असेल. मुरुमाच्या धुरळ्यात मात्र ती धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते, रिंगा झिजतात, आणि हंगाम संपण्यापूर्वी गाडी निळा धूर ओकू लागते.

अनुभवाने जो क्रम प्रस्थापित झाला तो याच्या उलट होता, आणि त्यात इंजिनाचा नंबर सर्वांत शेवटचा. ऑटोक्रॉसची फेरी ही बहुधा एक-दोन मिनिटांचीच. त्यातील बहुतांश दुसऱ्या गिअरमध्ये जाते. सरळ पट्टा एवढा आखूड की, वाढविलेला अत्युच्च वेग गाठण्यास जागाच उरत नाही. म्हणून प्रथम टायर: अरुंद, खोल नक्षीचे, जे वरचा सुटा थर कापून खालच्या घट्ट मुरुमाला भिडतात; त्यांत हवा नेहमीहून थोडी कमी, पण इतकी कमी नव्हे की वळणावर टायर रिमवरून निसटेल. दिसायला बरी म्हणून मोठी चाके बसविणाऱ्याची गाडी वळणातून उठताना मंद होते, कारण चाकाचा घेर वाढला की गिअरची ओढ घटते. मग वजन: मागची बैठक, स्टेपनी, गालिचा, दारांची अस्तरे हे सारे बाहेर. मग शॉकअप, तेही पुढच्यापेक्षा मागचे कडक, कारण पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी स्वभावतःच वळण सोडून सरळ जाऊ पाहते, आणि मागचा भाग किंचित अस्थिर केल्याखेरीज ती वळत नाही. गाडीची उंची कमी न करता उलट वाढवावयाची आणि इंजिनाच्या तेलटाकीखाली जाड पोलादी पत्रा ठोकावयाचा.

हँडब्रेकचे माहात्म्य तर स्वतंत्र प्रकरणाचा विषय होईल. एकाच शंकूभोवती संपूर्ण उलट फिरावयाचे असते तेव्हा चालक क्लच दाबून हँडब्रेक क्षणमात्र ओढतो, मागची चाके आडवी घसरतात, नाक फिरते आणि तो पुन्हा गिअरवर येतो. यासाठी केबल ताणून, मागचे ब्रेक-शू नवे घालून, दांड्याचे दातेही काढून टाकतात, म्हणजे तो ओढल्याजागी अडकून न राहता हात सोडताच खाली पडतो. या कामाला पैसा नगण्य लागतो, आणि मोठे कॅमशाफ्ट घातल्याने जे सेकंद वाचत नाहीत ते याने वाचतात. काही धाडसी मंडळी डिफरन्शियल वेल्ड करून दोन्ही चाके एकत्र फिरवितात. ओढ वाढते खरी, परंतु स्टिअरिंग दगडासारखे जड होते आणि ड्राइव्ह शाफ्ट मोडण्याची धास्ती कायमची मागे लागते. मी त्या पंथाचा नव्हे.

आपल्या जिल्ह्यात हा खेळ मांडावयाचा झाल्यास पहिली दरखास्त मेस्त्रीकडे न जाता भूमीकडे जावी. पूर्णेच्या खोऱ्यातील काळी कपाशीची जमीन उन्हाळ्यात हातभर भेगा टाकते, आणि पहिल्या पावसानंतर चाकाला अशी चिकटते की, चाक व मडगार्ड यांतील अंतरच नाहीसे होते; तिच्यावर मोटार पळविणे हा व्यर्थ खटाटोप. त्याउलट अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील बुलढाणा-चिखलीकडचा माथा खडकाळ व मुरमाड. तेथील मुरूम पाणी मारून दाबला तर पहिल्या काही गाड्यांना उत्तम पकड देतो; दहा-वीस गाड्या गेल्यावर वरचा थर भुकटी होऊन वाट घसरडी होते, चाकोऱ्या पडतात, आणि मागाहून सुटणाऱ्याला निराळ्याच मैदानावर धावावे लागते. गाडी कोणत्या क्रमांकाने सुटणार यावर टायरमधील हवा ठरविणारा चालक मला इंजिनावर लाखभर खर्च करणाऱ्यापेक्षा अधिक विद्वान वाटतो.

पुढच्या पिढ्यांचा इतिहास त्वरेने सांगता येईल. १९९३ मध्ये झेन आली, १९९४ मध्ये एस्टीम. दोघींची इंजिने एकाच कुळातील असल्यामुळे एस्टीमचे १२९८ घनसेंटिमीटरचे इंजिन झेनच्या हलक्या देहात बसविण्याची प्रथा पडली, आणि ती जोडी या खेळाच्या इतिहासातील सर्वांत यशस्वी संकर ठरावी अशी होती. कोइमतूरच्या करिवर्धन यांनी तर मारुतीचेच इंजिन घालून एकआसनी शर्यतगाड्या रचल्या, आणि नारायण कार्तिकेयन यांनी आपली पहिली शर्यत अशाच गाडीत केली. २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, पुढच्या वर्षी पोलो गाड्यांची शर्यत-मालिका निघाली, आणि नाशिकच्या परिसरात भरलेल्या रॅली ऑफ महाराष्ट्रने मराठी तरुणांना मातीवरचे राष्ट्रीय दर्जाचे चालक जवळून दाखविले.

कायद्याची बाजू मात्र या काळात उत्तरोत्तर कठोर होत गेली, आणि ती रास्तच होय असे मी मानतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मूळ रचनेत मनमानी बदल करण्यास मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा अर्थ अधिकच स्पष्ट केला. विमापत्रातही संघटित शर्यतीचा उपयोग संरक्षणाबाहेर ठेवलेला असतो. तेव्हा पोलादी नळ्यांचा पिंजरा वेल्ड केलेली, मागची बैठक नसलेली गाडी बोथ्याच्या घाटात किंवा राजूरच्या घाटात आणणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय मूर्खपणाही आहे. तिने टेम्पोवर चढून मैदानावर यावे आणि टेम्पोवरच परत जावे. शिरस्त्राण, खांद्यांवरून येणारे पट्टे, अग्निशामक नळकांडे आणि बॅटरी तोडण्याची बाहेरून हाती लागेल अशी कळ, यांत काटकसर करणाऱ्याला मैदानाच्या फाटकातून आत येण्याची मुभाच नसावी.

जानेवारी २०१४ मध्ये ८०० चे उत्पादन थांबले. योगायोग असा की, त्याच वर्षीच्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यतीही बंद पडल्या. पट डिसेंबर २०२१ मध्ये परत सुरू झाला. मारुती परत येणार नव्हती. नव्या लहान गाड्यांत चाक घसरताच इंजिनाची शक्ती आपोआप कापणारी यंत्रणा असते, आणि काहींत तर हँडब्रेकचा दांडाच जाऊन त्याजागी एक बटण आले आहे, ज्याने मुरुमावर गाडी फिरविणे अशक्य. त्यामुळे हौशी मंडळी अद्याप जुन्या झेन आणि ८०० हुडकीत हिंडतात. तशात १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील खाजगी मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले, आणि बुलढाण्याच्या एम.एच. २८ पाटीच्या जुन्या गाडीच्या मालकापुढे दोनच मार्ग उरले: शुल्क भरून ती मूळ स्वरूपात रस्त्यावर ठेवावी, नाहीतर परिवहन कार्यालयात रीतसर नोंदणी रद्द करून घेऊन तिला कायमची मैदानाची करून टाकावी. एक ८०० जिवंत ठेवावयाची तर सुट्या भागांसाठी दुसरी मोडीत निघालेली जवळ असावी लागते, म्हणून जाणते लोक हल्ली जोडीनेच विकत घेतात.