एकपासून दहापर्यंत आणि परत

वारणानगरला अकरावी-बारावीची मुले गणिताला बसतात, तेव्हा मी फळ्यावर दोन संख्या लिहितो: १२३४५६७८९८७६५४३२१ आणि १२३४५६७८९१०९८७६५४३२१. पहिली ९ वरून परत फिरते, दुसरी १० पर्यंत जाऊन, एवढाच फरक. यातली मूळ संख्या कोणती? घरी दूध संस्थेच्या पावतीवरचे फॅट, एसएनएफ आणि उसाच्या बिलाचे हिशेब बघत वाढलेली ही मुले आकड्यांना बुजत नाहीत. लगेच वही उघडतात.

पहिली संख्या देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या आवडीची. त्यांनी ‘डेमलो’ म्हटलेल्या संख्यांपैकी ही एक. पण ती नऊ एकांच्या संख्येचा वर्ग आहे हे मी आधी सांगत नाही. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायला लावतो. १२, ३४५, ६७८, ९८७, ६५४, ३२१. बेरीज २९९७, म्हणजे ९९९ ची तिप्पट. ९९९ म्हणजे २७ गुणिले ३७, तेव्हा या पहिल्या संख्येला २७ नेही भाग जातो, ३७ नेही. पहिली बाद.

आता दुसरी. गटांची बेरीज ३९०७, मग ३ + ९०७ = ९१०. याला ३ ने भाग जात नाही, ३७ नेही नाही. मग उजवीकडून गट आळीपाळीने मिळवायचे, वजा करायचे: ३२१ – ६५४ + ९८७ – ९१० + ६७८ – ३४५ + १२. उरतात ८९. ही रीत १००१ साठीची; १००१ म्हणजे ७ × ११ × १३, आणि ८९ ला यांपैकी कशानेही भाग जात नाही. एका वजाबाकीत तीन विभाजक निकालात! मला या घटकेचा आनंद दरवर्षी नव्याने होतो.

मात्र एवढ्याने ती मूळ ठरत नाही. तिचे वर्गमूळ ३५१ कोटींच्या आसपास, आणि तिथपर्यंत १६ कोटींहून अधिक मूळ संख्या आहेत. सेकंदाला एक भागाकार केला तरी पाच वर्षे पुरणार नाहीत. इथे गणिती फर्माची कसोटी मदतीला येते: २ चा ‘संख्या वजा १’ इतका घात करून त्याला संख्येने भागायचे; त्यासाठी २ चा वर्ग करायचा, बाकी घ्यायची, पुन्हा वर्ग, लागेल तिथे दुप्पट, आणि ६३ वर्गांत काम उरकते. बाकी १ आली नाही तर संख्या नक्की संयुक्त, विभाजक न सापडताही! १ आली तर मात्र खात्री नाही, कारण ३४१ = ११ × ३१ सुद्धा २ ला फसवते. कोणत्याही संख्येचा खात्रीचा आणि झटपट निकाल लावणारी रीत २००२ मध्ये कानपूर आयआयटीच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. आपली संख्या संगणकावर क्षणात मूळ ठरते. पण हाताने गट पाडल्याशिवाय मी मुलांना संगणक लावू देत नाही.

तुम्हीही करून पाहा. ११ पर्यंत जाऊन परत या: १२३४५६७८९१०१११०९८७६५४३२१. गट पाडा, आळीपाळीने मिळवा आणि वजा करा. १८९ उरतील, आणि १८९ ला ७ ने भाग जातो.