इंग्रजी शब्द पाठ नको, हाताला लागू द्या

जून जवळ आला की गावात एकच विषय निघतो, पोराला इंग्रजी माध्यमात घालायचं का? फी आणि गाडीभाडं परवडत नाही, तरी लोक घालतात आणि जिल्हा परिषद शाळेचा पट खाली येतो. खरं तर राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवलं जातं.

मग अडतं कुठं? 'लेमन म्हणजे लिंबू' असं घोकून घेतलं की पोरगं परीक्षेपुरतं लिहितं. समोर लिंबू धरलं तर मात्र गप्प बसतं. शब्द वहीत राहतो, वस्तूशी जोडला जात नाही.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स आशर यांनी १९६० च्या दशकात यावर एक पद्धत मांडली. लहान मूल आधी ऐकतं, सांगितलेलं करतं आणि बोलतं नंतर. 'चेंडू आण' म्हटलं की ते आणतं, 'चेंडू' म्हणायला पुढं शिकतं. दुसरी भाषाही तशीच शिकवावी, असं त्यांचं म्हणणं.

घरी कसं करायचं? कापडी पिशवीत लिंबू, कांदा, चमचा, दगड आणि पान अशा पाच वस्तू टाका. आधी एकेक हातात देऊन नाव सांगा. मग 'गिव्ह मी द स्टोन', 'पुट द स्पून इन द बकेट' अशी कामं सांगा. चुकलं तर रागावू नका, स्वतः करून दाखवा. मूल नावं घ्यायला लागलं की डोळे मिटून पिशवीत हात घालायला लावा. हाताला काय लागलं ते इंग्रजीत सांगायचं. शेवटी हुकूम मुलाचा, काम तुमचं. यात पोरांना लय मजा येते.

दोन गोष्टी सांभाळा. प्रत्येक शब्दामागं लगेच मराठी अर्थ सांगू नका, नाहीतर मूल मराठीचीच वाट बघतं. आणि एका वेळी पाचच शब्द घ्या, जुने शब्द आठवड्यानं परत काढा.

उच्चाराची शंका आली तर मोबाईलवरच्या शब्दकोशात स्पीकरच्या खुणेवर बोट ठेवा, शब्द ऐकू येतो. पुस्तकात पुढं कोणते शब्द आहेत ते गुरुजींना किंवा बाईंना विचारून घ्या.

एवढ्यानं वाचन-लेखन येणार नाही, त्याला शाळाच लागते. पण ओळखीचा शब्द वाचायला सोपा जातो. रोज दहा मिनिटं पुरतात, आणि आईबापाला इंग्रजी आलंच पाहिजे असंही नाही. शाळा बदलायच्या आधी एवढं करून बघा.