पाण्यांत पडलेला पतंग

संक्रांतीच्या दिवसांत गच्चीवर पतंग उडविणाऱ्या मुलांकडे ज्यांनीं लक्षपूर्वक पाहिलें असेल, त्यांच्या ध्यानांत एक गोष्ट खचित आली असेल. मोठा पतंग उडवावयाचा म्हणजे बहुधा दोघे लागतात. एकजण मांजा धरून उभा राहतो. दुसरा पतंग दोन्ही हातांनीं धरून वीस-पंचवीस पावलें दूर जातो आणि वाऱ्याची झुळूक येतांच तो वर सोडून देतो. पतंग गोता खाऊन खालीं आला, तर तो उचलून आणावयासही हाच दुसरा गडी धांवतो. या मदतनिसाची खरी किंमत तो नसला म्हणजेच कळते.

आतां अशी कल्पना करा कीं, पतंग हातभर कागदाचा नसून दहा चौरस मीटर कापडाचा आहे. उडविणारा गच्चीवर नसून किनाऱ्यापासून दूर, जेथें पायास ठाव लागत नाहीं अशा पाण्यांत तरंगत आहे. दोरी त्याच्या केवळ हातांत नाहीं, तर कमरेच्या पट्ट्यास जोडलेली आहे. आणि पतंग लाटांवर तोंडघशीं पडला आहे. आतां दुसरा गडी आणावयाचा कोठून?

या खेळास काइटसर्फिंग म्हणतात. पायांखालीं एक लहानशी फळी, कमरेस मजबूत पट्टा, हातांत आडवी दांडी आणि दांडीपासून वीस ते चोवीस मीटर लांबीच्या दोऱ्यांनीं जोडलेला प्रचंड पतंग, एवढ्या सामग्रीवर माणूस लाटांवरून दौडत जातो. २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांत या क्रीडेस प्रथमच स्थान मिळालें. शर्यती मार्सेय येथील समुद्रांत झाल्या, आणि स्त्रियांमध्यें ब्रिटनच्या एली ऑल्ड्रिज हिनें व पुरुषांमध्यें ऑस्ट्रियाच्या व्हॅलेंटिन बॉन्टस यानें सुवर्णपदक मिळविलें. परंतु ज्या कौशल्यावर या खेळांतील माणसाचा जीव अवलंबून असतो, तें दौडण्याचें नव्हे. पडलेला पतंग एकट्यानें पुन्हां उठविण्याचें आहे. त्याचीच माहिती येथें द्यावयाची आहे.

जुना छंद आणि जुनी अडचण

पतंगाकडून स्वतःस ओढून घेण्याची कल्पना कांहीं आजची नव्हे. विजेवरील प्रयोगांमुळें प्रसिद्धीस आलेले बेंजामिन फ्रँकलिन यांनीं आपल्या बालपणाची एक आठवण लिहून ठेविली आहे. पाण्यांत उताणें पडून, पतंगाची दोरी बांधलेली काठी हातांत धरून, त्यांनीं एक तळें कांहींएक श्रम न करतां ओलांडलें. आपले कपडे पलीकडच्या कांठावर नेऊन पोंचविण्याचें काम मात्र त्यांनीं दुसऱ्या एका मुलाकडे सोंपविलें होतें! पुढें १८२६ सालीं ब्रिस्टल येथील जॉर्ज पोकॉक नांवाच्या शिक्षकानें पतंगांनीं ओढावयाच्या गाडीचें पेटंट घेतलें, आणि १९०३ सालीं सॅम्युएल कोडी यानें पतंगानें ओढलेल्या होडींतून इंग्लिश खाडी पार केली.

मग हा खेळ रूढ होण्यास विसाव्या शतकाची अखेर कां उजाडावी लागली? कारण उघड आहे. उडता पतंग माणसास ओढून नेईल. पण तो एकदां पाण्यांत पडला म्हणजे खेळही संपला आणि संकटही सुरू झालें. पाणी हवेच्या सुमारें आठशें पट जड असतें. कापडाच्या खोळींत दोन घागरी पाणी शिरलें तरी जो पतंग वारा सहज उचलतो, तोच मग तसूभरही हलत नाहीं.

या अडचणीवर दोन ठिकाणीं दोन निरनिराळे उपाय निघाले, आणि दोन्ही उपाय घरच्याच माणसांनीं मिळून काढलेले होते. अमेरिकेंत बिल रोसेलर या विमानविद्येच्या इंजिनियरानें आपला मुलगा कोरी याच्यासह कडक सांगाड्याचा पतंग तयार केला. दांडीवरच एक रहाट बसवून, पडलेला पतंग दोरी गुंडाळीत जवळ आणावयाचा व तेथून पुन्हां सोडावयाचा, अशी त्याची रचना होती. फ्रान्समध्यें ब्रिटानी प्रांतांतील ब्रुनो व डोमिनिक लेगेन्यू या दोघां बंधूंनीं याहून सुटसुटीत मार्ग शोधला. पतंगाच्या पुढील कडेस व आडव्या फांसळ्यांस त्यांनीं काठ्यांऐवजीं हवा भरलेल्या नळ्या बसविल्या. नळी पाण्यावर तरंगते, बुडत नाहीं. आणि पतंगाचा आकार कमानीसारखा टिकून राहिल्यामुळें वाऱ्यास त्यांत शिरावयास जागा राहते. १९८४ सालच्या नोव्हेंबरांत त्यांनीं या रचनेचें पेटंट घेतलें. परंतु लोकांस ती पटण्यास बराच काळ जावा लागला. त्यांचा ‘विपिका’ नांवाचा पतंग बाजारांत आला तो १९९७ सालीं. त्यानंतर मात्र हा खेळ झपाट्यानें पसरला.

वाऱ्याचा घुमट

पतंग पाण्यांतून कसा उठतो हें समजावयाचें तर आधीं वाऱ्याचें एक मर्म ध्यानीं घेतलें पाहिजे. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा आणि दोन्ही हात बाजूंस पसरा. उजव्या हातापासून डोक्यावरून डाव्या हातापर्यंत एक कमान कल्पा, आणि त्या कमानीपासून समोर, दोरीच्या लांबीइतका दूर पोंचणारा अर्धा घुमट कल्पा. तुमचा पतंग उडूं शकतो तो या अर्ध्या घुमटाच्या पृष्ठावरच, त्याबाहेर नाहीं.

या घुमटावर सर्वत्र वाऱ्याची ओढ सारखी नसते. थेट समोर, मधोमध, पतंगांत वारा पूर्ण भरतो. तेथें तो सुटला म्हणजे बाणासारखा धांवतो, आणि स्वतःच्या वेगामुळें त्यास लागणारा वारा आणखी वाढतो. वाऱ्याचा जोर तर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढत असतो. वेग दुप्पट झाला कीं ओढ चौपट. याच्या उलट घुमटाच्या कडेस, म्हणजे पसरलेल्या हातांच्या रेषेंत किंवा थेट डोक्यावर, पतंग वाऱ्यास कड देऊन शांतपणें उभा राहतो आणि ओढ अगदीं थोडी असते.

पाण्यांत पडलेला पतंग कोठें असतो? वारा त्यास ढकलीत ढकलीत थेट समोरच नेऊन ठेवतो. म्हणजे जेथें ओढ सर्वांत प्रबळ, नेमकें तेथें! नवशिका तेथूनच त्यास जोरानें उठवूं पाहतो आणि फसतो. जाणता मनुष्य त्यास प्रथम कडेस नेतो व तेथें उठवितो. या विद्येचें सारें रहस्य एवढेंच आहे.

एकट्याची रीत

पतंग पडल्याबरोबर पहिलें काम हात चालविण्याचें नव्हे, डोळे चालविण्याचें. दोऱ्या पायांत, पट्ट्यांत किंवा दांडीच्या टोंकांभोंवतीं अडकल्या आहेत काय, तें पाहावें. अडकल्या असतील तर त्या सोडविल्याखेरीज पतंग उठवूं नये. दोरी हाताभोंवतीं कधींही गुंडाळूं नये. वाऱ्यानें ती अकस्मात् ताणली तर बोट कापून जाईल. फळी वाहून चालली असेल तर जाऊं द्यावी. पतंग उठला म्हणजे त्याच्याच ओढीनें पाण्यांतून सरपटत जाऊन ती परत आणतां येते. परंतु फळीच्या पाठीस लागून पतंगाकडे पाठ फिरविणें घातक आहे.

यानंतर दांडी अंगापासून दूर सारून स्वस्थ तरंगत राहावें. वारा पतंगास दूर नेऊं लागतो आणि आपल्या शरीरास पाणी धरून ठेवतें. त्यामुळें ढिल्या पडलेल्या दोऱ्या आपोआप ताणल्या जातात. दोऱ्या ताणल्यावर पतंग कोणत्या अंगास कलतो आहे हें पाहून त्या अंगाकडे जाणारी मागची दोरी दांडीच्या वर हातानें धरावी आणि हात-दीड हात आपल्याकडे ओढून तशीच धरून ठेवावी. हिसका देऊं नये. थोड्या वेळानें पतंगाचा एक कान वर उचलला जातो, दुसरा पाण्यांत टेंकतो आणि पतंग शिडासारखा आडवा उभा राहून हळूहळू घुमटाच्या कडेकडे सरकूं लागतो.

येथेंच खरी परीक्षा असते. पतंग हलूं लागला कीं दोरी आणखी ओढावी, दांडी जवळ घ्यावी, असा मोह होतो. तसें केल्यास मागची कड आंवळली जाऊन पतंग पुन्हां पाण्यावर बसतो. किंवा त्याहून वाईट म्हणजे मधूनच उसळी घेऊन माणसास फरफटत नेतो. म्हणून तो कडेस पोंचेपर्यंत वाट पाहावी. कडेस आल्यावर कापडावरचें पाणी निथळतें, टेंकलेला कान पाण्यापासून सुटतो आणि पतंग स्वतःच्या बळानें वर चढूं लागतो. तेव्हां हातांतील दोरी अलगद सोडावी आणि दांडीनें त्यास कडेकडेनेंच, सावकाश, डोक्यावर न्यावें.

जुन्या धर्तीच्या खोल कमानीच्या पतंगास उठविणें याहून कष्टाचें होतें. दोऱ्या ढिल्या करून पतंग पाठीवर उलटावा म्हणून माणसास पतंगाच्या दिशेनें पोहत जावें लागे. २००५ सालच्या सुमारास धनुष्याकृति, चपटे पतंग निघाले. पुढील कडेस जोडलेल्या दोऱ्यांच्या जाळीमुळें ते सहज कुशीवर वळतात. म्हणून वर सांगितलेली रीत आज सर्वसाधारण झाली आहे. वारा मंद असल्यास दोन्ही मागच्या दोऱ्या एकदम ओढून पतंगास पाण्यावरून मागच्या मागें उचलण्याचीही एक युक्ति आहे. मात्र ताशीं वीस किलोमीटरांहून बराच कमी वारा असेल, तर उत्तमांतल्या उत्तम पतंगाचाही कांहीं भरंवसा नाहीं.

पतंग न उठल्यास

आठ-दहा वेळां यत्न करूनही पतंग उठेना, तर हट्ट सोडावा. शक्ति आहे तोंवरच परतीचा विचार केला पाहिजे. दांडीजवळ एक कळ असते; ती ढकलतांच दांडी पट्ट्यापासून सुटते आणि पतंग एकाच दोरीवर लोंबकळून निर्बल होतो. मग ती दोरी हातावर हात टाकीत ओढून दांडी हस्तगत करावी. प्रथम तीच एक दोरी कांहीं मीटर दांडीवर गुंडाळावी, म्हणजे बाकीच्या ढिल्या राहतात व पतंग पुन्हां फुगत नाहीं. नंतर सर्व दोऱ्या मिळून गुंडाळीत, गांठ मारीत पतंगापर्यंत जावें. हवा भरलेल्या नळीवर छाती टेंकून, पतंगाचे दोन्ही कान जवळ ओढले म्हणजे त्याचें शीड बनतें, आणि तेंच शीड वाऱ्याबरोबर माणसास किनाऱ्यास आणतें. पुढील नळींतील हवा काढूं नये. ती आपली होडी आहे. पतंग सोडून पोहत सुटण्याची घाई तर मुळींच करूं नये. लाटांत माणसाचें डोकें दिसत नाहीं. रंगीत पतंग दुरूनही दिसतो.

परंतु हें सर्व फलद्रूप होण्यास वारा किनाऱ्याकडे वाहणारा, निदान किनाऱ्यास तिरपा येणारा पाहिजे. शाळेच्या भूगोलांत आपण खारे वारे व मतलई वारे शिकलों आहों. दिवसा जमीन तापते आणि समुद्रावरून खारा वारा आंत येतो. रात्रीं जमीन निवते आणि मतलई वारा समुद्राकडे जातो. परीक्षेपुरता पाठ केलेला हा धडा येथें प्राणाचा होतो. वारा समुद्राकडे वाहत असेल, तर पडलेला पतंग व त्यास बांधलेला माणूस दोघेही खोल समुद्राकडेच जाणार. अशा वाऱ्यांत जाणते लोक पाण्यांत पाऊल घालीत नाहींत.

आपल्या घरांतही हा प्रश्न आतां येऊं लागला आहे. गोव्यांत मोरजी-आश्वें भागांत, उन्हाळ्याच्या आरंभीं दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर हा खेळ शिकवितात. आणि ज्या रामेश्वरास आपले वाडवडील यात्रेस जात, त्याच्या आसपासच्या उथळ पाण्यांतही तो चालतो. मुलानें अथवा मुलीनें शिकावयास जाण्याची परवानगी मागितली, तर भिऊन नकार देण्याचें कारण नाहीं आणि कौतुकानें डोळे मिटून होकार देण्याचेंही नाहीं. चार प्रश्न मात्र अवश्य विचारावे. वारा कोणत्या दिशेचा आहे? वाऱ्याच्या वाटेवर खडक किंवा खांब आहेत काय? पाण्यांतून पतंग एकट्यानें उठविण्याचा सराव शिक्षकाच्या देखत, कमरेइतक्या पाण्यांत झाला आहे काय? आणि सुटकेची कळ डोळे मिटूनही हातास सांपडते काय?

या चारही प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक मिळालीं, तर खुशाल जाऊं द्यावें. गच्चीवर पतंग सोडावयास भाऊ किंवा शेजारचा मुलगा असतो. भर पाण्यांत तो नसतो. तेथें उपयोगी पडतो तो किनाऱ्याजवळ, शांत चित्तानें, वारंवार केलेला सराव.