बासीतलं लोह, रेशनचा गहू आणि ‘हर्बल’ क्रीम

मे महिन्यात दुर्ग-भिलाईत ऊन तापायला लागलं की इथल्या अनेक छत्तीसगढी घरांत सकाळची न्याहारी आदल्या रात्रीच तयार झालेली असते. उरलेल्या भातात पाणी ओतून तो झाकून ठेवतात. सकाळी त्यात मीठ घालायचं, सोबत कच्चा कांदा, हिरवी मिरची, एखादी पालेभाजी किंवा लोणचं. भातात पाणी घालून लगेच खाल्लं तर ते बोरे, रात्रभर मुरू दिलं तर बासी. 1 मे 2022 रोजी, कामगार दिनी, तेव्हाचे मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी साऱ्या राज्याला बोरे-बासी खाण्याचं आवाहन केलं. त्यांचा पाटण मतदारसंघ दुर्ग जिल्ह्यातलाच. इस्पात कारखान्यामुळे भिलाईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही ही न्याहारी आता ओळखीची आहे.

पदार्थाची कीर्ती वाढली तसे त्याच्याबद्दलचे दावेही फुगत गेले. त्यातला सर्वांत जास्त फिरणारा दावा असा: शंभर ग्रॅम भातात 3.4 मिलिग्रॅम लोह असतं, ते बारा तास भिजवल्यावर 73.91 मिलिग्रॅम होतं. म्हणून केस गळत असतील, चेहरा निस्तेज असेल, तर बासी खा.

हे होऊ शकत नाही. लोह हे मूलद्रव्य आहे आणि कुठलाही जिवाणू ते नव्याने घडवू शकत नाही. भातात जेवढं होतं तेवढंच सकाळी असणार. जास्त आलं तर ते पाण्यातून किंवा लोखंडी भांड्यातून आलेलं. मुळात पॉलिश केलेल्या कच्च्या तांदळात शंभर ग्रॅममागे एक मिलिग्रॅमही लोह नसतं, शिजवलेल्या भातात तर त्याहून कमी. रात्रभर मुरताना खरोखर घडतं ते वेगळं आहे. लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू वाढतात, भाताला हलकी आंबट चव येते, आहे ते लोह शरीराला शोषून घ्यायला थोडं सोपं जातं. शिवाय उन्हात राबणाऱ्या माणसाच्या पोटात पाणी आणि मीठ जातं. बासीचं एवढं मोल पुरेसं आहे. तिला औषधाची गोळी बनवण्याची गरज नाही.

मात्र बासीला एक पथ्य आहे. शिजवलेला भात तासन्‌तास कोमट राहिला तर त्यात बॅसिलस सिरियस हा जिवाणू वाढून विष तयार करू शकतो आणि ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून भात लवकर निववायचा, पिण्याचं स्वच्छ पाणी वापरायचं आणि सकाळीच खायचं. भाताला तार सुटली किंवा वास बदलला, तर टाकून द्यायचा.

मग लोह कुठून मिळवायचं? छत्तीसगढच्या परसात मुनगा, म्हणजे आपला शेवगा, असतोच. त्याच्या शंभर ग्रॅम ताज्या पानांत साधारण साडेचार मिलिग्रॅम लोह असतं, पालकापेक्षा जास्त. पण प्रौढ स्त्रीसाठी शिफारस आहे दिवसाला 29 मिलिग्रॅमची. ‘शेवग्याच्या पावडरीत पालकाच्या पंचवीसपट लोह’ ही जाहिरात वाळवलेल्या पावडरीची तुलना ओल्या पाल्याशी करते, म्हणून आकडा एवढा मोठा दिसतो. चमचाभर पावडरीपेक्षा ताटात रोज पालेभाजी, डाळ आणि वर लिंबू पिळणं जास्त कामाचं, कारण क जीवनसत्त्वामुळे भाजीतलं लोह अंगी लागतं. जेवणाबरोबरचा चहा त्याच्या नेमकं उलट करतो.

हा विषय इथे नुसत्या सौंदर्याचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) छत्तीसगढमधल्या 15 ते 49 वयोगटातल्या सुमारे 61 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. लोहाची कमतरता हे बायकांचे केस विरळ होण्याचं एक नेहमीचं कारण आहे, आणि ते तेल बदलून जात नाही. दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी. छत्तीसगढ आणि विदर्भ, दोन्हीकडे सिकल सेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण आहेत. अशा रुग्णाचं हिमोग्लोबिन कमी असलं तरी लोह कमी असेलच असं नाही. वारंवार रक्त चढवलेल्यांत ते उलट साठलेलं असतं. त्यामुळे तपासणीआधी मनानेच लोहाच्या गोळ्या सुरू करणं धोक्याचं.

तेलाबद्दल थोडक्यात. खोबरेल तेल केसाच्या आत काही प्रमाणात मुरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, हे प्रयोगांतून दिसलं आहे. पण ते डोक्याबाहेर आलेल्या केसाचं संरक्षण करतं. मुळाला खाऊ घालत नाही. बाळाचं जावळ काढल्याने केस दाट येतात हाही समजच. केसाची जाडी ठरते त्वचेखालच्या मुळात, वस्तरा तिथवर पोहोचत नाही. रोज पन्नास ते शंभर केस गळणं हे निरोगी डोक्याचंही वेळापत्रक आहे.

दुर्गहून मुंबईकडे निघालेली गाडी राजनांदगाव, गोंदिया, नागपूर, वर्धा करत अकोला आणि शेगाव गाठते. भिलाईतल्या कितीतरी मराठी घरांचं सासर-माहेर याच मार्गावर आहे. केस आणि कातडीच्या बाबतीत गेल्या काही वर्षांतल्या दोन सर्वांत बोलक्या घटनाही याच मार्गावर घडल्या.

पहिली शेगाव तालुक्यातली. डिसेंबर 2024 च्या अखेरीपासून बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांच्या डोक्याला खाज सुटू लागली आणि तीन-चार दिवसांत हात फिरवला तरी केसांचा पुंजका हातात येऊ लागला. लहान मुलं, कॉलेजच्या मुली, म्हातारी माणसं, कुणीच सुटलं नाही. आधी बोट गेलं शाम्पूकडे. पण ज्यांनी कधी शाम्पू लावला नव्हता त्यांचेही केस गेले होते. मग बुरशीचा संशय आला, मग खाऱ्या, नायट्रेट जास्त असलेल्या पाण्याचा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पथकाने नमुने नेले. रुग्णांच्या रक्तात सेलेनियम वाढलेलं निघालं. विंचूदंशावरील कामासाठी जगभर ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी स्वतंत्र तपासणी केली. 18 गावांतल्या 279 जणांच्या या त्रासामागे रेशनवर आलेला, पंजाबकडचा गहू असल्याचा निष्कर्ष त्यांनी मांडला. त्यांच्या तपासणीत त्या गव्हात स्थानिक गव्हाच्या सुमारे सहाशेपट सेलेनियम आढळलं आणि रुग्णांच्या शरीरात जस्ताचं प्रमाण कमी दिसलं.

सेलेनियम विषारी रसायन म्हणून कुणी शेतात टाकलेलं नसतं. पंजाबच्या काही भागांत ते जमिनीतच जास्त आहे, पीक ते मातीतून उचलतं. म्हणजे पूर्णपणे निसर्गदत्त. शरीराला ते लागतंही, पण दिवसाला अवघं चाळीस मायक्रोग्रॅमच्या आसपास. फार वाढलं की केस गळतात, नखं ठिसूळ होतात; शेगावच्या गावांतून पुढे नखं गळाल्याच्याही तक्रारी आल्या. 2008 मध्ये अमेरिकेत एका द्रवरूप पोषक पूरकात चुकून लेबलावरच्या दोनशेपट सेलेनियम पडलं आणि दोनशे जणांना विषबाधा झाली. तब्येत सुधारावी म्हणून ते घेणाऱ्यांचे केस गळले. ‘केसांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांच्या दोन-तीन डब्या एकदम सुरू करण्याआधी प्रत्येक लेबलावर सेलेनियमचा आकडा वाचून बेरीज करावी.

दुसरी घटना अकोल्याची, 2023 च्या सुरुवातीला उजेडात आलेली. एका तरुणीच्या मूत्रपिंडाला इजा झाली, पाठोपाठ तिच्या आईला आणि बहिणीलाही तोच त्रास सुरू झाला. एकाच घरातल्या तिघी. आनुवंशिक आजार नाही, खाण्यात काही नाही. शेवटी तिघी चेहऱ्याला लावत असलेली, स्थानिक ब्यूटिशियनकडून घेतलेली क्रीम मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासली गेली. तिच्यात पारा निघाला, मर्यादेच्या कितीतरी पट. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनीही असेच रुग्ण नोंदवले: मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराच्या 15 रुग्णांपैकी 13 जणांनी गोरं करणाऱ्या क्रीम वापरल्याचं सांगितलं.

पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया अडवतो, म्हणून चेहरा पटकन उजळ दिसतो. तो कातडीतून रक्तात जातो आणि उशी-टॉवेलवाटे घरातल्या लेकरांपर्यंतही पोहोचू शकतो. भारतात सौंदर्यप्रसाधनांत नकळत येणाऱ्या पाऱ्याची मर्यादा दहा लाख भागांत एक भाग, डोळ्यांसाठीच्या प्रसाधनांत सत्तर भाग, एवढीच आहे. डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नसेल, तर ‘हर्बल’ या शब्दाला काहीही अर्थ नाही.

मेंदीचंही तसंच. मेंदीच्या पानातला लॉसोन केसांना तांबूस-केशरी रंग देतो आणि त्याला काही तास लागतात. दहा-पंधरा मिनिटांत काळेभोर करणाऱ्या ‘काळ्या मेंदी’त बहुधा पीपीडी हे रसायन असतं. ज्यांना त्याची ॲलर्जी आहे त्यांचा चेहरा सुजून डोळे मिटेपर्यंत वेळ येते.

निसर्गदत्त म्हणजे निर्धोक नव्हे, याचं स्वयंपाकघरातलं एक उदाहरण तर थेट केसांशी जोडलेलं आहे. दुधी कधीकधी कडू निघतो. ती कडू चव क्युकरबिटासिन या विषारी द्रव्याची. कडू दुधीचा रस प्यायल्याने उलट्या, रक्तस्राव आणि मृत्यूही झाले आहेत. फ्रान्समध्ये दोन स्त्रियांनी कडू भोपळा खाल्ला, आधी उलट्या-जुलाब झाले आणि काही दिवसांनी डोक्यावरचे केस गळले. 2018 मध्ये त्याची वैद्यकीय नोंद झाली. दुधी चिरला की एक तुकडा जिभेवर ठेवून बघावा. कडू लागला तर थुंकावा आणि सगळा दुधी फेकावा. ‘कडू म्हणजे गुणकारी’ म्हणून गिळू नये.

केस अचानक, पुंजक्याने गळू लागले तर आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहसाठा) आणि थायरॉइड तपासून घ्या आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी तसं सांगा, कारण त्यांनी थायरॉइडच्या तपासणीचा आकडा चुकू शकतो. घरात आणखी कुणाचे केस गळत असतील तर तेही सांगा. आणि जाताना लावायची क्रीम, खायची पावडर, गोळ्यांची डबी, सगळं पिशवीत घालून सोबत न्या.