सामाईक कॅमेरा आणि उद्भासनाच्या पद्धती

बंगळूरच्या लालबागेत वर्षातून दोनदा, प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिन यांच्या सुमारास, पुष्पप्रदर्शन भरते. १८८९ साली कोनशिला बसविलेल्या तेथील काचगृहात फुलांची मांडणी असते, तर तळ्याच्या काठी बगळे आणि पाणकावळे वावरत असतात. एका घरातील मायलेक एकच कॅमेरा घेऊन तेथे गेले आहेत, अशी कल्पना करू. मुलाला पक्ष्यांचा नाद, आईला फुलांचा. कॅमेरा एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातो तेव्हा त्याबरोबर आणखी काय जाते, हे आपल्याला पाहावयाचे आहे.

चित्र घेताना कॅमेऱ्यात किती प्रकाश पडू द्यायचा, यालाच उद्भासन म्हणतात. भिंगाच्या छिद्राचा आकार आणि शटर उघडे राहण्याचा काळ या दोहोंवर ते अवलंबून असते. कॅमेऱ्याच्या माथ्यावरील चकतीची अक्षरे या कामाची वाटणी करतात. ‘एस’वर काळ आपण ठरवायचा व छिद्र कॅमेऱ्याने, ‘ए’वर नेमके याच्या उलट, ‘पी’वर दोन्ही कॅमेऱ्याकडे, ‘एम’वर दोन्ही आपल्याकडे. एसएलआर प्रकारच्या कॅमेऱ्यांत या चारही पद्धती प्रथम एकत्र आल्या त्या १९७८ च्या कॅनन ए-१ मध्ये.

चकती फिरविली की आधीच्या माणसाचे सारे पुसले जाते, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाही. चकती केवळ छिद्र आणि काळ यांचा कारभार बदलते. बाकीच्या बहुतेक गोष्टी एकत्र कुटुंबातील भांड्यांप्रमाणे सामाईकच राहतात.

मुलाने ‘एस’वर सेकंदाचा हजारावा भाग हा काळ ठेवला. काळ्या पाण्यावरील पांढरा बगळा कॅमेऱ्याच्या प्रकाशमापकाला फसवितो. भोवतालचा अंधार मोजून तो बगळ्याला नुसता पांढरा डाग करून टाकतो. म्हणून मुलाने उद्भासनात उणे एकची दुरुस्तीही केली, आणि ते योग्यच होते. मग आईने कॅमेरा घेऊन चकती ‘ए’वर आणली. मुलाचा हजारावा भाग आता तिच्या आड येत नाही. पण उणे एकची दुरुस्ती तशीच मागे राहते, बहुतेक कॅमेऱ्यांत तर कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू केला तरीही. उणे एक म्हणजे निम्मा प्रकाश. काचगृहातील गुलाब काळवंडतात आणि दोष मात्र भिंगाला दिला जातो! मुलाने आयएसओ वाढविलेला असेल, तर तोही असाच तिच्या वाट्याला येतो.

ए-१ वर ही दुरुस्ती बाहेरच्या कड्यावर नजरेस पडत असे. आजच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत ती पडद्यावरील एका बारीकशा आकड्यात असते. पूर्ण स्वयंचलित पद्धतीवर बहुतेक कॅमेरे ही दुरुस्ती बाजूला ठेवतात. परंतु नेहमीच्या पद्धतीवर परतताच ती पुन्हा लागू होऊ शकते. त्यामुळे, तेथे चित्र नीट आले एवढ्यावरून दुरुस्ती गेली असे मानू नये.

यावर निर्मात्यांनी एक उपाय काढला आहे. काही कॅमेऱ्यांच्या चकतीवर ‘सी१’, ‘सी२’ किंवा ‘यू१’, ‘यू२’ अशी घरे असतात. निकॉनच्या २०१० मधील डी७००० वर ‘यू१’ व ‘यू२’ होती. एकेकाने आपली मांडणी एकेका घरात साठवावी. त्या घरावर असताना केलेले बदल, पुन्हा साठविले नाहीत तर, चकती फिरविल्यावर किंवा कॅमेरा बंद केल्यावर सामान्यतः नाहीसे होतात. दोघांच्या दृष्टीने ही मोठीच सोय होय. मात्र काही कॅमेऱ्यांत असे बदल आपोआप साठविण्याचीही सोय असते. सामाईक कॅमेऱ्यात ती बंद ठेवणे बरे.

दृष्टिपटाजवळचे चष्म्याच्या नंबरासाठीचे चाक मात्र कोणत्याच घरात साठविता येत नाही. आईने ते आपल्या डोळ्यांप्रमाणे फिरविले की मुलाला सारे धूसर दिसते आणि भिंग बिघडल्याचा भास होतो. चित्रावर त्याचा काहीच परिणाम होत नाही; चाक फिरवून पडद्यावरील अक्षरे स्पष्ट करून घेतली की काम भागते.